ताटापासून गुणपत्रिकेपर्यंत : दिल्लीतल्या पाकस्पर्धांची वाटचाल

नवी दिल्ली स्टेशनातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडलं की समोर पहाडगंज सुरू होतं. मेन बाजारातली गर्दी, हॉटेलांच्या पाट्या, पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी पाहुणे, एवढंच पहाडगंज प्रवाशांना ठाऊक असतं. दिल्लीतल्या मराठी माणसाची इथली ओळख वेगळी आहे. नूतन मराठी शाळा पहाडगंजात आहे, बृहन्महाराष्ट्र भवन इथलंच, महाराष्ट्र रंगायनची वास्तूही याच परिसरात. गावाकडून आलेला पाहुणा इथे उतरतो, मुलं इथे मराठी शिकतात, नाटकाच्या तालमी इथे होतात. आणि गणेशोत्सव असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो की दिवाळीतला स्नेहमेळावा, दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ हटकून सापडते : ‘पाककला स्पर्धा’.

शेजारच्या आरामबागेत बंगाली मंडळींची दुर्गापूजा बसते. दिल्लीतल्या पूजामंडपांमध्ये पूजेच्या सुरुवातीच्या एखाद्या संध्याकाळी आनंदमेळा भरवायची रीत आहे. घरोघरच्या बायका घुगनी, चॉप, पाटीशाप्टा, पायेश असे पदार्थ करून आणतात, टेबलं मांडून विकतात, परीक्षक चव घेत फिरतात आणि उत्तम पदार्थाला बक्षीस मिळतं. पूर्वेला थोड्याच अंतरावर प्रगती मैदान आहे. तिथे दर मार्चमध्ये ‘आहार’ या प्रदर्शनात देशभरातले शेफ पदकांसाठी रांधतात. पश्चिमेला पुसा संकुलात हॉटेल व्यवस्थापनाची सरकारी संस्था आहे, जिथे हेच शेफ घडतात. पाकस्पर्धा ही एक संस्था मानली, तर तिच्या वाटचालीतले बरेच टप्पे पहाडगंजापासून रिक्षाने गाठता येतील इतक्या जवळ आहेत.

ही वाटचाल लिहून ठेवावी असं वाटण्याचं कारण आहे. स्वयंपाक हे आपल्याकडे सर्वांत जास्त हातांनी केलेलं आणि सर्वांत कमी नोंदलं गेलेलं काम. घरातली सुगरण कितीही नावाजलेली असली, तरी तिचं नाव नातलगांपलीकडे जात नाही आणि तिची कृती तिच्या हाताबरोबरच संपते. स्पर्धेने या कामाला माप दिलं, घराबाहेरचा परीक्षक दिला आणि निकालाची नोंद ठेवायची संधी दिली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपण बऱ्यापैकी कमावल्या. तिसरी अजून कमवायची आहे.

जत्रेतलं पहिलं मेज

जत्रेत पदार्थ मांडून त्याला बक्षीस द्यायची आजची पद्धत रुजली ती अमेरिकेतल्या शेतकी मेळ्यांत. १८०७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एल्काना वॉटसन या गृहस्थाने आपल्या दोन मेरिनो मेंढ्या भर चौकात लोकांना दाखवायला उभ्या केल्या. उत्तम जनावर डोळ्यांनी पाहिलं की शेतकऱ्याला तसं पाळावंसं वाटतं, हा त्यामागचा साधा विचार. १८१० मध्ये तिथे गुरांचं प्रदर्शन भरलं, पुढच्या वर्षी बर्कशायर कृषी संस्था स्थापन झाली. १८१३ मध्ये घरी विणलेल्या कापडासाठी स्त्रियांना बक्षिसं ठेवली गेली आणि घरकाम प्रथमच मेळ्याच्या बक्षिसाला पात्र ठरलं. १८४१ साली न्यूयॉर्क राज्याचा मेळा सिरॅक्यूसमध्ये भरला. १८५४ मध्ये आयोवा राज्याने फेअरफील्डला आपला मेळा सुरू केला. तो १८७९ मध्ये डी मॉइन शहरात आला आणि १८८६ पासून तिथल्या आजच्या मैदानावर भरतो. खाद्यपदार्थांच्या स्पर्धांसाठी आजही त्याचंच नाव आधी घेतलं जातं.

या मेळ्यांनी बैलाला लावलेला न्यायच पाव, केक, मुरंबे आणि लोणच्यांना लावला. बक्षिसांची छापील पुस्तिका निघते आणि तिच्यात प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र वर्ग असतो. गव्हाचा पाव वेगळा, राईचा वेगळा. काकडीचं गोड लोणचं वेगळं, आंबट वेगळं. पदार्थ साध्या बशीत द्यायचा, सोबत कृती लिहून द्यायची. बशीवर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक. परीक्षकाला पदार्थ दिसतो, माणूस दिसत नाही.

लोणच्याच्या बरणीचं परीक्षण कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. चव घेणं दूरच, आधी बरणी उजेडासमोर धरली जाते. पाणी नितळ आहे का, फोडी एका मापाच्या आहेत का, झाकणाखाली ठरावीक बोटभर जागा मोकळी सोडली आहे का, तळाशी गाळ बसलाय का, हे पाहिलं जातं. बरणी उकळत्या पाण्यात किती मिनिटं ठेवली होती हे चिठ्ठीवर लिहिलेलं हवं, कारण ते चुकलं तर लोणचं खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. चवीइतकाच मान तिथे काळजीला आहे.

बक्षीस देण्याच्याही दोन पद्धती पडल्या. एकीत पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. दुसरीला ‘डॅनिश पद्धत’ म्हणतात. तिच्यात स्पर्धकांची आपसात तुलना होत नाही. ठरलेल्या दर्जाशी प्रत्येक पदार्थाची तुलना होते. दर्जा गाठणाऱ्या सगळ्यांना निळी फीत मिळते. शाळकरी मुलांच्या स्पर्धांत ही पद्धत अधिक वापरतात, कारण तिथे मुलाला हरवण्यापेक्षा शिकवण्याला महत्त्व असतं.

या मेळ्यांचं तिथल्या जीवनातलं स्थान साहित्यातही उमटलं. फिल स्टाँगची ‘स्टेट फेअर’ ही कादंबरी १९३२ साली आली. शेतकरी कुटुंबातला कर्ता आपला डुक्कर घेऊन मेळ्याला निघतो आणि त्याची बायको आपली लोणची घेऊन, आणि लेखक दोघांच्या उमेदीला सारखंच वजन देतो. पुढे व्यापारी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गृहिणींची बेकिंग स्पर्धा घेतली. ५०,००० डॉलरचं पहिलं बक्षीस थिओडोरा स्मॅफील्ड यांना मिळालं आणि समारंभाला एलिनॉर रूझवेल्ट हजर होत्या. जाहिरातीचा भाग त्यात होताच, पण घरच्या ओट्यावरचं कसब राष्ट्रीय बातमी होऊ शकतं हेही त्यातून सिद्ध झालं.

पुण्यातली परिषद, दिल्लीतलं कॉलेज

आपल्याकडे माप आलं ते पुस्तकांच्या वाटेने. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून आल्यावर १८८९ मध्ये त्या देशाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं आणि तिथल्या स्त्रिया संस्था कशा उभारतात, सभा कशा चालवतात हे इथल्या वाचकांपुढे मांडलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, ज्यात हजार पाकक्रिया होत्या. पाककृती सांगण्याची गोष्ट होती ती लिहिण्याची झाली, आणि जी लिहिता येते ती शिकवताही येते आणि तपासताही येते.

ती शिकवायची कुठे, याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली पुण्यात. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मार्गारेट कझिन्स यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या. विषय होता मुलींचं शिक्षण. या परिषदेने उभारलेल्या शिक्षण निधीतून १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं. सुरुवातीला अवघ्या ११ विद्यार्थिनी होत्या आणि हॅना सेन यांनी कॉलेजची धुरा सांभाळली. आहारशास्त्र, पोषण, वस्त्रशास्त्र, बालसंगोपन हे विषय वर्गात शिकवले जाऊ लागले. घरी आईच्या मागे उभं राहून शिकायची गोष्ट आता वजनकाटा, तापमापक आणि प्रयोगवही घेऊन शिकवली जात होती. सिकंदरा रोडवरचं हे कॉलेज पहाडगंजापासून जवळच आहे. पुण्यात झालेल्या चर्चेतून दिल्लीत उभी राहिलेली ही संस्था मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

टंचाईच्या काळातली अन्नपूर्णा

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं धान्यटंचाईची होती. रेशनवर मिळणारा तांदूळ आणि गहू पुरत नव्हता. कन्हैयालाल मुनशी १९५० मध्ये केंद्रात अन्न व कृषी मंत्री झाले. त्याच काळात त्यांच्या पत्नी, गुजराती लेखिका लीलावती मुनशी यांनी अखिल भारतीय महिला अन्न परिषदेचं काम उभं केलं. परिषदेने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं चालवली. तांदूळ आणि गहू कमीत कमी किंवा अजिबात न वापरता रताळी, कंद, केळी, भाज्या, शेंगदाणे यांपासून पोटभरीचे पदार्थ करून दाखवायचे आणि स्वस्तात खाऊ घालायचे, असा तो उपक्रम होता.

या कामातून एक गोष्ट ठळक झाली. देशाला अन्न हवं होतं, तसे मोठ्या प्रमाणावर, स्वच्छ आणि हिशेबाने स्वयंपाक करणारे शिकलेले हातही हवे होते. १९५४ साली याच परिषदेने मुंबईत केटरिंगचं शिक्षण देणारी संस्था काढली. अंधेरीला भवन्स कॉलेजच्या आवारात ती सुरू झाली आणि पुढे दादरला वीर सावरकर मार्गावर स्वतःच्या इमारतीत आली. मुंबईकर तिला आजही ‘दादर केटरिंग’ म्हणून ओळखतात. देशातल्या हॉटेल व्यवस्थापन शिक्षणाचा पाया तिथे घातला गेला. दिल्लीत १९६२ मध्ये अशीच संस्था निघाली, जी आज पुसा संकुलात आहे. या संस्थांच्या नावांत हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंगबरोबर ‘पोषण’ हा शब्दही आला, तो हे शिक्षण अन्न मंत्रालयाकडे असतानाच्या दिवसांमुळे. १९८२ च्या सुमारास हे शिक्षण पर्यटन खात्याकडे गेलं आणि सगळ्या संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

पाकस्पर्धेच्या दृष्टीने इथे एक मोठं वळण आलं. या संस्थांत प्रात्यक्षिक परीक्षा असते. विद्यार्थ्याला पदार्थांची यादी मिळते, सामान मोजून मिळतं, घड्याळ लावलं जातं, बाहेरचा परीक्षक येऊन चव घेतो आणि ओट्याची स्वच्छताही तपासतो. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी स्पर्धेच्या शिस्तीतच वाढतो. पुढे मोठ्या मेळ्यांतल्या स्पर्धा उभ्या राहिल्या त्या याच शिस्तीवर.

गहू, पाव आणि ओव्हन

११ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर दिल्लीत जागतिक कृषी मेळ्याच्या उद्घाटनाला आले. अमेरिकेचा ‘अमरीकी मेला’ हा भाग पाहायला लोटलेल्या दिल्लीकरांना राज्यमेळ्याची कल्पना तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. पुढे १९७२ च्या ‘एशिया ७२’ प्रदर्शनाने त्या परिसराला प्रगती मैदान म्हणून कायमची ओळख दिली.

त्याच काळात पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखालच्या करारांतून अमेरिकेचा गहू भारतात येऊ लागला होता. पहिला करार १९५६ चा. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पाव शहरी मध्यमवर्गाच्या न्याहारीत स्थिरावला. घरी ओव्हन मात्र मोजक्यांकडेच होता. केकचं मिश्रण वाळू घातलेल्या पातेल्यात भाजायचं, किंवा नानकटाईसाठी पीठ, तूप, साखर डब्यातून बेकरीत न्यायची आणि पत्रे भाजून आणायचे. दिल्लीतल्या घरांतही आट्याची बिस्किटं अशीच बेकरीतून करून आणायची पद्धत होती. इथल्या रस्त्यांवर हातगाडीवर निखाऱ्यांवर भाजलेली गरम नानखटाई अजून मिळते.

घरी केक करायचा तर माप नेमकं लागतं. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, ओव्हनमध्ये गेलेल्या केकचं काहीच दुरुस्त करता येत नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घरांत वाटी-चमच्याच्या मापाची शिस्त रुजली. दिल्लीत बदली होऊन आलेल्या, सासर-माहेर दोन्ही दूर असलेल्या मुलीला हे पुस्तक मोठा आधार होतं. मंडळांच्या स्पर्धांमध्ये पुरणपोळी आणि अनारशांच्या शेजारी केक आणि बिस्किटं दिसू लागली, त्यामागे ओव्हनइतकाच या मापाचाही वाटा आहे.

प्रगती मैदानातलं घड्याळ

‘आहार’ हे प्रदर्शन इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशन भरवतं. मार्च २०२५ मध्ये त्याची ३९ वी आवृत्ती झाली. हॉटेलांना लागणारी यंत्रं, भांडी, मसाले, पीठं यांचं हे मोठं व्यापारी प्रदर्शन. त्याच्याच अंगणात ‘कलिनरी आर्ट इंडिया’ ही शेफांची स्पर्धा होते. ती चालवण्यात पुढाकार आहे इंडियन कलिनरी फोरमचा. १९८७ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या फोरमच्या अध्यक्षपदी शेफ दविंदर कुमार यांनी दीर्घकाळ काम केलं. २००४ पासून फोरम शेफ दिनाच्या निमित्ताने, २० ऑक्टोबरच्या सुमारास, शेफ पुरस्कारही देतो. त्यामुळे मुदपाकखान्याच्या दाराआड राहणाऱ्या माणसाला नाव आणि चेहरा मिळाला.

स्पर्धेतले वर्ग पाहिले की तयारीचा आवाका कळतो. लग्नाचा तीन मजली केक, चॉकलेटची शिल्पं, लोण्यातलं कोरीवकाम, कलिंगड आणि भोपळ्यावरची नक्षी, छोट्या घासाएवढ्या मिठाया, ताटात मांडलेले आरंभीचे पदार्थ आणि परीक्षकांसमोर उभं राहून ठरलेल्या वेळेत केलेला गरम स्वयंपाक. मार्चमध्ये दिल्लीचा पारा चढायला लागलेला असतो. चॉकलेटचं शिल्प हॉटेलपासून मैदानापर्यंत नेणं हीच अर्धी परीक्षा. ते सुटे भाग करून नेतात, जागेवर जोडतात, आणि सोबत वितळवलेल्या चॉकलेटचा साठा ठेवतात, एखादा सांधा निखळला तर.

परीक्षण जागतिक शेफ संघटनेच्या नियमांनी होतं. ही संघटना १९२८ साली पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात स्थापन झाली आणि ऑगस्त एस्कॉफिए हे तिचे पहिले मानद अध्यक्ष. गरम स्वयंपाकाच्या १०० गुणांची तिची वाटणी मनात ठेवण्याजोगी आहे. पूर्वतयारी आणि स्वच्छतेला १०, योग्य पद्धतीने केलेल्या पाकक्रियेला २५, वाढण्याला ५, मांडणी आणि नावीन्याला १० आणि चवीला ५०. ९० पासून पुढे गुण मिळवले की सुवर्ण, ८० पासून रौप्य, ७० पासून कांस्य आणि ६० पासून प्रशस्तिपत्र. एका वर्गात चार जणांनी ९० गाठले तर चौघांनाही सुवर्ण. कुणीच गाठले नाहीत तर सुवर्ण कुणालाच नाही. अमेरिकेतल्या मेळ्यांतल्या ‘डॅनिश पद्धती’चंच हे तत्त्व.

या शिस्तीचं फळ मिळालं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात झालेल्या वर्ल्डस्किल्स स्पर्धेत भारताच्या अश्विता पोलिस हिने पॅटिसरी आणि कन्फेक्शनरी या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. भट्टीचा आणि लोण्याचा वारसा सांगणाऱ्या युरोपीय देशांच्या मुलांसमोर उभं राहून मिळवलेलं हे पदक आहे.

मोदक परीक्षकासमोर ठेवताना

मंडळाच्या स्पर्धेसाठी मोदक करणाऱ्या बाईची तयारी या पदकवीरांच्या तयारीपेक्षा कमी नसते. दिल्लीत ती आणखी अवघड होते. मोदकाची पिठी महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून मागवायची, नाहीतर बासमतीचा तुकडा धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळून आणायचा. नारळ दक्षिणेतून प्रवास करून आलेला असतो, म्हणून फोडल्यावर आधी चाखून बघायचा. सारणाला दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, वेलची, थोडी भाजलेली खसखस. गूळ विरघळला आणि सारण ओलसर असतानाच गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. पुढे गेलं तर चिक्कीसारखं कडक होतं, अलीकडे राहिलं तर पारीला पाणी सुटतं.

उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून झाकण ठेवायचं आणि वाफ मुरू द्यायची. मग गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायचं. हात पोळतो, पण थंड झालेली उकड चिरते. पारीच्या कडा मध्यापेक्षा पातळ हव्यात, कारण कळ्या पाडून वर आणल्यावर त्या एकत्र येतात आणि शेंड्याला जाडी वाढते. परीक्षक मोदक उभा कापतो ते हेच पाहायला : शेंड्याशी पिठाचा कच्चा गोळा राहिला आहे का. उकडण्याआधी मोदक गार पाण्यात बुडवून चाळणीत ठेवायचा, दहा-बारा मिनिटं वाफ द्यायची.

स्पर्धेतली खरी अडचण पुढे आहे. तांदळातला स्टार्च वाफेने मऊ होतो आणि गार होताना पुन्हा घट्ट होतो. घरी पाच वाजता केलेला मोदक सात वाजता मेजावर कडक लागतो, म्हणून अनुभवी बाई तो शेवटच्या क्षणी करते, ओल्या मलमलीत गुंडाळून डब्यात नेते आणि फ्रीजमध्ये तर कधीच ठेवत नाही, कारण थंडीत तो आणखी लवकर कडक होतो.

केकचंही असंच शास्त्र आहे. कापलेल्या तुकड्यात उभी भोकं दिसली की परीक्षकाला कळतं, मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळलं. माथा डोंगरासारखा फुगून फाटला तर ओव्हन जास्त तापलेला होता. मध्यभाग बसला तर बेकिंग पावडर जास्त पडली, किंवा भाजून व्हायच्या आत दार उघडलं. अमेरिकेतल्या मेळ्यात काही वर्गांत केकवर आयसिंगच चालत नाही, कारण त्याखाली सगळे दोष झाकले जातात. नानकटाईला झाकायला मुळातच काही नसतं. तिच्या माथ्यावरच्या भेगा सगळीकडे सारख्या पडल्या आणि तळ बदामी झाला की तूप आणि साखर नीट फेसली होती असं समजावं.

राहिलेलं काम

दिल्लीच्या वाटचालीत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले आणि एकमेकांना फारसे मिळाले नाहीत. पुसा आणि प्रगती मैदानातला प्रवाह व्यावसायिकांचा. त्यात माप आहे, गुणपत्रिका आहे, नोंद आहे. पहाडगंजातली मंडळं आणि आरामबागेसारख्या पूजा मंडपांतला प्रवाह घरच्या हातांचा. त्यात जीव आहे, आपुलकी आहे, पण गुण कसे दिले ते सहसा कळत नाही आणि कृती कुणी जपून ठेवत नाही. अमेरिकेतल्या मेळ्याचा मोठेपणा असा की त्याने घरच्या हातांनाच मुख्य मेज दिलं. आपल्याकडच्या मोठ्या मेळ्यात घरच्या हातांसाठी तसा स्वतंत्र वर्ग असायला हवा. ‘आहार’सारखं प्रदर्शन दर वर्षी एक दिवस गृहिणींच्या आणि हौशी पुरुषांच्या पदार्थांना देऊ शकतं, परीक्षक आणि नियम दोन्ही तयारच आहेत.

त्याची वाट न पाहता मंडळांना बरंच करता येईल. स्पर्धेला पदार्थ देताना कृती मापासह लिहून घ्यावी. बशीवर नावाऐवजी क्रमांक घालावा. चवीला निम्मे गुण ठेवून बाकीचे गुण स्वच्छता, पद्धत आणि मांडणीला कसे वाटले आहेत ते आधीच जाहीर करावं. निकालाबरोबर प्रत्येक स्पर्धकाला दोन ओळींचा अभिप्राय द्यावा, म्हणजे हरलेली बाई पुढच्या वर्षी जास्त तयारीने येईल. दर्जा गाठणाऱ्या सगळ्यांना प्रशस्तिपत्र द्यावं. आणि विजेत्या कृती एका वहीत उतरवून शाळेच्या किंवा भवनाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात.

१९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरलं आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा इथे आलं. अध्यक्षांची भाषणं छापलेली आहेत, ठराव नोंदलेले आहेत. या सात दशकांत दिल्लीतल्या मराठी बायकांनी परक्या पाण्यात, परक्या पिठात, परक्या थंडीत पुरणपोळी, अनारसा आणि मोदक कसे जमवले, कोणत्या मापात काय बदललं, याचं ज्ञानही तेवढंच मोलाचं आहे आणि ते आठवणींवर सोडलं तर पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणार नाही. येत्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेला एक वजनकाटा, एक छापील गुणपत्रिका आणि एक जाड वही एवढी तयारी पुरेशी आहे. ती प्रत्येक मंडळाला परवडण्यासारखी आहे.